पिल्लाची किंमत आणि त्यामागचा हिशेब

जातिवंत पिल्लाच्या किमतीबद्दल वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यातली निवडक पत्रे इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे वगळून फक्त गाव दिले आहे. उत्तरे पशुवैद्यक आणि श्वानपालक यांनी मिळून लिहिली आहेत. आकडे अंदाजाचे आहेत. गाव, मोसम आणि जात यांप्रमाणे त्यात फरक पडेल, पण घरचा हिशेब मांडायला ते पुरेसे आहेत.

प्रश्न : मुलीला लॅब्राडोर हवा आहे. गावातला एक जण ६,००० म्हणतो, अमरावतीचा माणूस १४,००० सांगतो आणि नागपूरच्या एकाने ३५,००० सांगितले. तिघांनी पाठवलेले फोटो सारखेच दिसतात. मग एवढा फरक कशाचा? आमची ऐपत १५,००० पर्यंत आहे.
— एक वाचक, आर्वी (जि. वर्धा)

उत्तर : भाऊ, हा फरक फोटोत दिसणार नाही. जन्मल्यापासून तुमच्या हाती येईपर्यंत पिल्लावर किती खर्च झाला, त्यावरून तो ठरतो. एका वेताचा हिशेब मांडून पाहू. समजा लॅबच्या मादीला सहा पिल्ले झाली. मादीला वर्षभर धड खाऊ घालायचे तर २८,००० रुपये लागतात. चांगला नर लावायचे १०,०००, नाहीतर त्याऐवजी नरवाला वेतातले पहिल्या पसंतीचे पिल्लू उचलून नेतो. गाभण असतानाची तपासणी, सोनोग्राफी आणि विताना डॉक्टर यांचे मिळून ५,०००. चौथ्या आठवड्यापासून पिल्ले खायला लागतात, तेव्हापासून आठव्या आठवड्यापर्यंत सहा जणांच्या खाण्याचे ९,०००. जंताचे औषध आणि सुरुवातीच्या लसी ७,०००. मायक्रोचिप (ओळख पटावी म्हणून कातडीखाली बसवतात ती क्रमांकाची चिप) आणि नोंदणीचे ६,००० धरा. बेरीज ६५,००० झाली, म्हणजे पिल्लामागे १०,८०० च्या आसपास. एक पिल्लू दगावले तर उरलेल्या पाचांवर प्रत्येकी १३,००० बसतात. यात रात्रीची जागरणे नाहीत, नफाही नाही. सिझेरियनची वेळ आली तर तो खर्च वेगळा.

मग ६,००० ला पिल्लू विकणाऱ्याला परवडते कसे? एक शक्यता सरळ आहे. एखाद्याच्या घरी हौसेने पाळलेली मादी व्याली, तिच्या खाण्याचा खर्च तो पिल्लांवर लावत नाही आणि पिल्ले चांगल्या घरी जावीत एवढीच त्याची अपेक्षा असते. असे पिल्लू मिळाले तर जरूर घ्या. दुसरी शक्यता जास्त वेळा खरी निघते. मादीला शिळ्या भाकरीवर ठेवलेले असते, दर माजाला गाभण केलेले असते, पिल्लांना लस नसते आणि पाचव्या आठवड्यातच ती विकायला काढलेली असतात. शेवटच्या तीन आठवड्यांतच पिल्ले सगळ्यात जास्त खातात, तेवढा खर्च वाचवायची ही युक्ती आहे. या दोन विक्रेत्यांतला फरक ओळखायची एकच खूण म्हणजे पिल्लांची आई. ती दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका, मग भाव काहीही असो.

३५,००० मध्ये केनेल क्लब ऑफ इंडियाचे नोंदणीपत्र (बाजारात याला सगळे ‘केसीआय पेपर’ म्हणतात), चिप आणि प्रदर्शनात बक्षिसे मिळवलेल्या कुत्र्यांची वंशावळ यांचे पैसे असतात. काही चांगले पैदासकार आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे काढून ठेवतात. लॅब आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष पिढीजात येतो, म्हणून त्या एक्स-रेला खरी किंमत आहे. मुलीला सोबती म्हणून हवा असेल तर पेपर लागत नाही. प्रदर्शनात उतरवायचे किंवा नोंदणीकृत पैदास करायची असेल तरच तो लागतो. तुमच्या १५,००० मध्ये, आई समोर दाखवणाऱ्या घरातले, लस झालेले, बिनपेपरचे आठ आठवड्यांचे पिल्लू नक्की मिळेल.

मात्र १५,००० सगळे पिल्लावर घालवू नका. पहिल्या वर्षाचा खर्च असा धरा: मिश्र लसीचे (पार्व्हो, डिस्टेंपर अशा रोगांवरची एकत्र लस) राहिलेले डोस आणि रेबीजच्या लसी २,५००, जंताची औषधे ६००, खाणे २२,५०० (दहा महिने, दिवसाला सरासरी ३०० ग्रॅम कोरडे खाद्य, २५० रुपये किलोने), गोचिडांचे औषध ४,५००, पट्टा, साखळी आणि भांडी १,५००. एकूण ३१,६००. खाणे निम्मे घरचे केले तर खर्च खाली येतो, त्याबद्दल पुढे एका पत्रात आले आहे. आजारपणासाठी पाच-सात हजार वेगळे ठेवावे लागतात. हे झेपत नसेल तर स्वस्त पिल्लूही महागच पडेल.

प्रश्न : जर्मन शेफर्डचे पिल्लू पसंत केले आहे. विकणारा म्हणतो, ४५ दिवसांचे आहे, दोन लसी झाल्या आहेत, पेपर मागाहून पाठवतो. रविवारी बघायला जायचे आहे. काय काय तपासून घ्यावे?
— एक वाचक, मूर्तिजापूर (जि. अकोला)

उत्तर : आधी वयाचे बघू. केंद्र सरकारचे कुत्र्यांच्या पैदाशीबद्दलचे नियम २०१७ पासून लागू आहेत. त्यांनुसार आठ आठवड्यांच्या, म्हणजे ५६ दिवसांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. हा नियम विनाकारण केलेला नाही. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी खेळता खेळता दात किती जोरात लावायचा हे शिकते. लवकर तोडलेली पिल्ले पुढे चावरी आणि भित्री होण्याची शक्यता जास्त असते. विकणाऱ्याला सांगा, ‘पैसे ठरवतो, पिल्लू ५६ दिवस झाल्यावर नेतो.’ त्याने मान्य केले तर माणूस बरा आहे असे समजा.

सांगितलेले वय खरे आहे का हे दातांवरून कळते. पिल्लाचा ओठ बाजूने उचला. दुधाचे दात एकूण २८ असतात. आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या प्रत्येक बाजूला, वर आणि खाली, सुळ्यामागे तीन-तीन दुधाच्या दाढा दिसल्या पाहिजेत. नुसते पुढचे दात आणि सुळे असतील आणि मागची हिरडी सपाट असेल तर पिल्लू महिन्याभराचेच आहे, मग कार्डावर काहीही लिहिलेले असो.

आता आई बघा. महिना-दोन महिन्यांपूर्वी व्यालेल्या मादीची आचळे लोंबलेली असतात, कातडीवर पिल्लांच्या नखांचे ओरखडे असतात, अंगावरचे केस विरळ झालेले असतात आणि ती थोडी वाळलेली असते. गोंडस, तुकतुकीत, पोट सपाट असलेली मादी ‘ही आई’ म्हणून दाखवली तर ती त्या पिल्लांची आई नाही. आई माणसांवर धावून येत असेल किंवा कोपऱ्यात दबून बसत असेल तरी विचार करा, स्वभावाचा बराच भाग तिच्याकडून येतो.

मग पिल्लू हातात घ्या. हिरड्या गुलाबी हव्यात. पांढुरक्या असतील तर जंत किंवा गोचिडांनी रक्त कमी केलेले असते. पोट फुगलेले आणि फासळ्या उघड्या म्हणजे जंत. कानाला वास येतो का, आत कॉफीच्या भुकटीसारखा काळा मळ आहे का ते पाहा, तसे असेल तर किडे आहेत. शेपटीखालचे केस चिकट असतील तर जुलाब चालू आहेत. बेंबीवर मऊ फुगवटा लागला तर हर्निया आहे, तो लहान असेल तर घाबरू नका, पण डॉक्टरांना दाखवून भाव कमी करून घ्या. नर असेल तर दोन्ही अंड खाली आलेले आहेत का चाचपा. मागे जाऊन टाळी वाजवा, पिल्लाने मान वळवली पाहिजे. या वयात जर्मन शेफर्डचे कान पडलेलेच असतात, ते उभे राहायला चार-पाच महिने लागतात. ‘कान उभे नाहीत म्हणजे जात खोटी’ असे कोणी म्हणाले तर ते ऐकू नका.

लसीचे कार्ड म्हणजे सही-शिक्का एवढेच नव्हे. लसीच्या बाटलीवरचे स्टिकर कार्डावर चिकटवलेले हवे, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असते. ४५ दिवसांत ‘दोन लसी झाल्या’ या बोलण्याला फारसा अर्थ नाही. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला मिळालेली रोगप्रतिकारशक्ती सुरुवातीचे काही आठवडे लसीलाही मारते. ती नेमकी कधी संपेल हे प्रत्येक पिल्लाचे वेगळे असते. म्हणून मिश्र लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत द्यावी लागते आणि रेबीजची लस तिसरा महिना भरल्यावर.

पेपरबद्दल बोलायचे तर वेताची नोंद पैदासकारालाच करावी लागते आणि त्यासाठी आईबाप दोघेही नोंदणीकृत हवेत. दोघांच्या प्रमाणपत्रांची झेरॉक्स तिथल्या तिथे मागा. ती नसेल तर ‘मागाहून’ काहीही येणार नाही. असेल तर पिल्लाची चिप स्कॅनरने वाचून घ्या. पंधरा आकडी क्रमांक येतो, तोच अर्जावर आणि पुढे प्रमाणपत्रावर हवा. पेपर हातात येईपर्यंत किमतीतला चौथा हिस्सा राखून ठेवा आणि तसे दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्या प्रमाणपत्रावरून फक्त वंश कळतो. पिल्लू निरोगी आहे की नाही, ते डॉक्टरच सांगू शकतात.

प्रश्न : हस्की २५,००० ला मिळून राहिला आहे. घरी कूलर आहे. घेऊ का?
— एक वाचक, ब्रह्मपुरी (जि. चंद्रपूर)

उत्तर : घेऊ नका. तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि हस्कीच्या अंगावर बर्फात राहण्यासाठी दुहेरी केसांचा थर असतो. दमट हवेत कूलरचा उपयोग राहत नाही, आणि वीज गेली की तोही बंद. केस भादरले तर ऊन थेट कातडीला लागते, त्यामुळे तोही उपाय नाही. पग, बुलडॉग आणि शित्झू यांची अडचण वेगळी आहे. चपट्या नाकामुळे त्यांना धापा टाकून अंग थंड करता येत नाही, त्यामुळे आपल्या भागातला उन्हाळा त्यांच्याही जिवावर बेततो. आधीच घरात असतील तर मार्च ते जून सकाळी सहाच्या आधी आणि रात्री नऊनंतरच फिरवा. कुत्रे लडखडू लागले, हिरड्या लालभडक झाल्या किंवा तोंडाला चिकट लाळ आली तर साधे पाणी अंगावर ओता, पंखा लावा, ताप उतरून १०३ फॅरनहाइटवर आला की ओतणे थांबवा आणि दवाखाना गाठा. बर्फ लावू नका. त्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आतली उष्णता आतच अडकते.

प्रश्न : शहरातल्या एका दुकानातून ९,००० ला पिल्लू आणले. चौथ्या दिवशी उलट्या, सहाव्या दिवशी रक्ताचे जुलाब आणि आठव्या दिवशी पिल्लू गेले. डॉक्टर पार्व्हो म्हणाले. दुकानदार म्हणतो, तुमच्या घरीच लागण झाली. पैसे परत मिळतील का? मुले दुसरे पिल्लू मागतात, ते कधी आणावे?
— एक वाचक, उमरेड (जि. नागपूर)

उत्तर : मुलांनी आठ दिवसांत लावलेला जीव आम्हाला समजतो. पार्व्होचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, म्हणजे लागण दुकानात, वाटेत किंवा तुमच्या घरी पहिल्याच दिवशी झालेली असू शकते. घरात याआधी वर्षभर आजारी कुत्रे नव्हते हे तुम्हाला दाखवता आले तर तुमची बाजू भक्कम होते. पावती, ऑनलाइन पैसे दिल्याचा पुरावा, लसीचे कार्ड, डॉक्टरांच्या चाचणीचा कागद आणि दुकानदाराशी झालेले मेसेज एकत्र करा. आधी लेखी मागणी पाठवा. त्याने दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पिल्लू किती दिवसांचे होते हे पावतीवर असेल आणि ते ५६ दिवसांच्या आतले असेल तर तो मुद्दा तक्रारीत पहिला लिहा.

दुसऱ्या पिल्लाची घाई करू नका. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो आणि नुसत्या फिनाईलने मरत नाही. फरशी आधी साबणाने धुऊन घ्या, मग एक भाग ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण) आणि तीस भाग पाणी असे करून दहा मिनिटे ओले राहू द्या. घाणीवरच ब्लीच ओतले तर त्याचा जोर घाणीतच संपतो. अंथरूण, पट्टा आणि खाण्याचे भांडे जाळा किंवा फेका. मातीचे अंगण निर्जंतुक करता येत नाही, म्हणून ते ऊन खाऊ द्या आणि नवे पिल्लू तिथे सोडू नका. नवे आणायचे तर चार-पाच महिन्यांचे, सोळाव्या आठवड्यानंतरची लस पूर्ण झालेले आणा. ते थोडे महाग पडेल, पण तुमच्या घराला तेच योग्य.

एक गोष्ट खेड्यात फार वेळा चुकते, म्हणून मुद्दाम लिहितो. मिश्र लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्येच ठेवावी लागते. जिल्ह्याच्या गावाहून मे महिन्यात ती खिशात किंवा गाडीच्या डिक्कीत आणली तर घरी येईपर्यंत लस बाद होते. बाटली तशीच दिसते, सुई टोचली जाते, कार्ड भरते आणि पिल्लू उघडेच राहते. थर्मासमध्ये बर्फाच्या पिशव्यांत, कागदात गुंडाळून आणा. ती बर्फाला थेट चिकटून गोठणार नाही एवढे पाहा. शक्यतो पिल्लालाच दवाखान्यात न्या आणि लस फ्रिजमधून आपल्या डोळ्यांसमोर काढायला सांगा.

प्रश्न : मोबाइलवर गोल्डन रिट्रीव्हर ५,००० ला दिसला. १,५०० आगाऊ पाठवले. आता तो गाडीभाडे, पिंजरा आणि विमा मिळून आणखी ४,२०० मागतो, ‘पिल्लू पोचल्यावर परत करतो’ म्हणतो. पाठवू का?
— एक वाचक, पुसद (जि. यवतमाळ)

उत्तर : एक रुपयाही पाठवू नका, पिल्लू अस्तित्वातच नाही. पेपरचे सोडा, साधे गोल्डनसुद्धा ५,००० मध्ये कोणी पोसून विकू शकत नाही, वरचा वेताचा हिशेब पाहा. आजच १९३० वर फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम समोरच्या खात्यात गोठण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा क्रमांक आणि स्क्रीनशॉट जवळ ठेवा. पैसे ‘परत घेण्यासाठी’ कोणी पिन टाकायला सांगितला तर तुमचे पैसे जातात, येत नाहीत.

‘परदेशातून आणलेले’ म्हणून जास्त भाव सांगणाऱ्यांपासूनही सावध राहा. पैदास आणि विक्रीसाठी परदेशातून कुत्री आणण्यावर केंद्राने एप्रिल २०१६ मध्ये बंदी घातली आहे.

प्रश्न : माह्या वावरात संत्र्याची बाग आहे. रातच्यानं चोरटे येतात, रानडुकरं अन् रोही (नीलगाय) बी तरास देतात. रॉटवायलर नाही तं डॉबरमॅन आणून वावरात बांधून ठेवाव म्हणतो. वीस हजारापर्यंत तयारी हाये. कोणती जात घेऊ?
— एक शेतकरी, काटोल (जि. नागपूर)

उत्तर : भाऊ, वीस हजार जातीत घालू नका. डॉबरमॅनच्या अंगावर केस आखूड, अंगाला चरबी कमी, तो हिवाळ्यातल्या रात्री उघड्या वावरात काकडतो. रॉटवायलरला रोज बरोबर काम करणारा, हुकूम देणारा माणूस लागतो. एकटा बांधून ठेवलेला रॉटवायलर वर्षभरात तुमच्या मजुरांवरच धावून जाईल. शिवाय या जातीवरून कायद्याची ओढाताण झालेली आहे. केंद्राने मार्च २०२४ मध्ये रॉटवायलर आणि पिटबुलसह २३ जातींची विक्री थांबवायला राज्यांना कळवले होते, ते कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द केले. चावा घेतला तर भरपाईची जबाबदारी मालकावरच येते, जात कोणतीही असो.

दुसरे म्हणजे, रात्री साखळीला बांधलेले कुत्रे हे बिबट्याचे सोपे भक्ष्य आहे. तुमच्या भागात बिबट फिरतो. साखळीतल्या कुत्र्याला पळताही येत नाही. रानडुकराशी झुंजायला कुत्रे पाठवले तर सुळ्याने पोट फाडून परत येते, आणि कुत्र्यांकडून वन्यप्राणी मारवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. डुकरांसाठी कुंपणच लागते.

बागेला राखण म्हणून गावातल्याच ओळखीच्या चांगल्या मादीची दोन पिल्ले घ्या, एक नर आणि एक मादी. किंमत शून्य. दोघांचे लसीकरण, जंताचे औषध आणि सहा-सात महिन्यांचे झाल्यावर नसबंदी मिळून जो खर्च येईल तो एका रॉटवायलरच्या किमतीपेक्षा कमीच असेल. गावठी कुत्र्याला ऊन सोसते, अनोळखी पाऊल ओळखते आणि त्याचे भुंकणे ऐकून राखणदार उठतो. राखणीत खरे काम एवढेच आहे. रात्री राखणदाराजवळ, जाळीचे दार असलेल्या खोपटात ठेवा, वावराच्या टोकाला नको.

देशी जातिवंतच हवा असेल तर कारवान चांगला. कर्नाटकातल्या मुधोळ भागातला हा उंच, सडपातळ शिकारी कुत्रा आपल्या उन्हाला सरावलेला आहे आणि सांभाळायला परदेशी जातींपेक्षा स्वस्त पडतो. पण तो नजरेने सावज हेरून धावणारा आहे. धुऱ्यावर ससा दिसला की बाग सोडून दोन वावरे पार जाईल. राखणीसाठी घेणार असाल तर हे लक्षात घेऊन घ्या.

जंगलालगतच्या वाचकांसाठी एक जोड. गावकुत्र्यांतला डिस्टेंपर हा रोग वाघ-बिबट्यांनाही होतो. गीरमध्ये २०१८ साली सिंहांमध्ये तो आढळला होता. म्हणून वावरातल्या कुत्र्याला मिश्र लस देणे हे आपल्यापुरतेच काम नाही.

प्रश्न : आमच्या बचत गटाला लॅबची जोडी घेऊन पिल्लांचा व्यवसाय करायचा आहे. जोडी ३०,००० ला मिळते. वर्षाला बारा पिल्ले, प्रत्येकी १०,००० म्हणजे १,२०,००० येतील असे सांगितले. करावे का?
— बचत गटाच्या सदस्य, दर्यापूर (जि. अमरावती)

उत्तर : ताई, ज्याने सांगितले त्याने तुम्हाला अर्धाच हिशेब दिला. नियमाप्रमाणे मादी अठरा महिन्यांची झाल्याशिवाय तिला गाभण करता येत नाही, वर्षातून एकच वेत घेता येते आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेते घेता येत नाहीत. त्याशिवाय राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे पैदासकार म्हणून नोंदणी, प्रत्येक पिल्लाची नोंद आणि जागेची तपासणी. म्हणजे बारा पिल्ले नाहीत, सरासरी सहा.

आता वरच्याच आकड्यांवर बसवू. पेपरशिवाय एका वेताचा खर्च ५९,०००. तुमच्याकडे घरचा नर असल्याने त्याचे १०,००० वाचतात, पण नराच्या वर्षाच्या खाण्याचे २८,००० वाढतात. खर्च झाला ७७,०००. सहा पिल्ले १०,००० ने विकली तर ६०,०००. वर्षाला १७,००० खिशातून. आणि ही वेळ दीड वर्षानंतर येते, तोवर जोडी सांभाळायचा खर्च दोघांचा मिळून ऐंशी हजारांवर जातो. एका मादीसाठी घरात नर पाळणे हा मूळचाच तोट्याचा भाग आहे. जोडी एकाच वेतातली भावंडे असतील (स्वस्त जोड्या बहुतेक तशाच असतात) तर पिल्लांत दोष निघायची भीती वेगळी.

तालुक्याच्या गावात १०,००० देऊन लॅब घेणारी घरे मोजकी. विकली न गेलेली पिल्ले तीन महिन्यांची झाली की खाणे दुप्पट आणि भाव निम्मा. गटाच्या पैशातून हे करू नका. शेळीचा व्यवसाय तुमच्याकडच्या चाऱ्यावर आणि बाजारावर चालतो, त्याची माहिती पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे मिळेल.

प्रश्न : पाच महिन्यांच्या लॅबचे पुढचे पाय बाहेर वाकले आहेत. आम्ही त्याला ज्वारीची भाकर आणि दूध देतो. ज्याच्याकडून घेतले तो म्हणतो कॅल्शियमची बाटली सुरू करा. जातच खोटी निघाली का?
— एक वाचक, वणी (जि. यवतमाळ)

उत्तर : जात खोटी असल्याचे हे लक्षण नाही, खाण्यातली कमतरता आहे. भाकरीत फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम फार थोडे. पाणी घातलेल्या दुधाने ती भर निघत नाही आणि वाढत्या लॅबला लागणारे प्रथिनही भाकरीतून मिळत नाही. शरीर मग हाडांतले कॅल्शियम काढून वापरते, हाड मऊ पडते आणि वजनाखाली वाकते. आधी एक्स-रे काढून घ्या. अकोल्याच्या पदव्युत्तर पशुवैद्यक संस्थेत किंवा नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात सोय आहे. हाडांच्या टोकांशी वाढ होणारा भाग बिघडला असेल तर इलाज वेगळा असतो.

खाणे असे बदला: दिवसाच्या खाण्यात निम्मे मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचे तयार खाद्य, निम्मे घरचे. घरच्यात शिजवलेली कोंबडी किंवा उकडलेली अंडी, भात किंवा भाकर, थोडा लाल भोपळा. तिखट-मीठ नको. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कधीच नको. शिजवलेली हाडे तर मुळीच नको, ती फुटून आतड्यात घुसतात. दिवसातून तीन वेळा द्या, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. तयार खाद्य सुरू असताना वरून कॅल्शियमची बाटली घालू नका. त्यात प्रमाण आधीच बसवलेले असते, जास्तीचे कॅल्शियम मोठ्या जातींच्या हाडांची वाढ बिघडवते. घरच्याच खाण्यावर ठेवायचे असेल तर कॅल्शियम किती द्यायचे ते डॉक्टरांकडून वजनावर काढून घ्या. पाय सुधारेपर्यंत गुळगुळीत फरशीवर फिरू देऊ नका, तिथे गोणपाट अंथरा, आणि जिन्यावर चढू देऊ नका. वजन दर आठवड्याला लिहून ठेवा, पुढच्या तपासणीला तो कागद घेऊन जा.